शेंदूर, जवस आणि जीपचे सांधे

पत्र्याची गाडी सडते ती सांध्यातून. मधल्या सपाट पत्र्याचा रंग उडाला, उन्हाने पांढरा पडला, तरी तो पत्रा वर्षानुवर्षं तग धरतो. पण जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसवून डाग दिलेला असतो, तिथे केसाएवढी फट राहते. त्या फटीत पाणी पडावं लागत नाही, ते आपोआप ओढलं जातं, आणि एकदा शिरलं की तिथे ना ऊन पोचत ना वारा. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा खातो. तो आत फुगतो, दोन्ही पत्र्यांना अलग करत जातो, फट रुंदावते आणि आणखी पाणी घेते. गाडी आमच्याकडे येते तेव्हा मालकाला रंगाखाली एक बारीकसा फोड दिसलेला असतो. “भाऊ, एवढं टचअप करून द्या नं,” म्हणतो. मी पेचकसाचं टोक फोडावर टेकवतो, ते आरपार जातं.

माझं दुकान पांढुर्ण्याला नागपूर–बैतूल रस्त्यालगत आहे, पण मी मूळचा सौसरचा. वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. डेंटिंग-पेंटिंग मी नागपूरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि पुढे तेच करत आलो. आता ठोकाठोकीच्या, अपघाताच्या गाड्या मुलगा बघतो. माझ्या वाट्याला जुन्या जीप येतात. ज्यांच्या आजोबांनी कधीकाळी सरकारी लिलावात घेतल्या, वडिलांनी गोठ्यात लावून ठेवल्या, अशा जीप नातवंडांना पुन्हा रस्त्यावर आणायच्या असतात. या कामात पडल्यापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. लोक समजतात, ही सगळी विद्या मोटारीबरोबर मुंबई-नागपूरहून आली. हातोडा-डॉली आली असेल. सांधा भरायची आणि अस्तर मारायची विद्या या भागात आधीच होती. मोटारी वाढल्या तशी आम्ही ती विसरलो, आणि जुन्या गाड्या जिवंत करायच्या छंदामुळे ती आता महागड्या नळकांड्यांतून परत विकत घेतो आहोत.

सौसर-पांढुर्णा म्हटलं की आज संत्रं आठवतं. पण इथे कापूसही होता, आणि कापसामागोमाग जिनिंग आले. जिनिंगमध्ये टाक्या, नळ, पंप, तबकड्या. जिथे म्हणून दोन लोखंडं भिडत, तिथे शेंदूर लागायचा. तोच, मारुतीच्या अंगावरचा. सौसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाचं देऊळ आहे, सगळा छिंदवाडा-नागपूर पट्टा तिथे लोटतो. लहानपणी मला वाटायचं, वडील कारखान्यातल्या नळांची पूजा करतात. जुन्या बाजारात मिळणारा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड. तो जवसाच्या उकळलेल्या तेलात मळला की पाण्याला दाद न देणारा लगदा तयार होतो, आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो.

वडील शहाबादी फरशीच्या तुकड्यावर शेंदराचा ढीग करत, मधे आळं करून त्यात तेल सोडत आणि लाकडी पट्टीने मळत बसत. तेल एकदम ओतायचं नाही. आधी वाटे की हे कधी भिजणारच नाही, मग एकाएकी सगळं चमकायला लागे. गोळी करून अंगठ्याने दाबली तर तिच्या कडा फाटायला नकोत आणि ती अंगठ्याला चिकटायलाही नको, ही त्यांची खूण. हा घट्ट लगदा तबकडीच्या सांध्यात बसे. नळाच्या आट्यांवर सुताचे धागे गुंडाळून वरून सफेदा लावत. तो सफेदाही शिशाचाच. आणि उरलेला शेंदूर आणखी तेल घालून पातळ केला की टाकीवर मारायचं अस्तर तयार. म्हणजे आज ज्याला आम्ही सीलर म्हणतो आणि ज्याला प्रायमर म्हणतो, ते वडिलांच्या हातात एकच होतं, घट्ट ते सांध्यात आणि पातळ ते पत्र्यावर. दोन्ही एकाच जातीचे, म्हणून एकमेकांना धरून राहत. तेल आपल्याच रानातल्या जवसाचं, रब्बीत निळ्या फुलांनी वावर भरून जायचं त्याच जवसाचं.

त्यात विज्ञानही होतं, वडिलांना ते माहीत नसेना का. शिशाचं ऑक्साईड तेलातल्या आम्लांशी मिळून शिशाचे साबण बनवतं आणि ते लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजाला अटकाव करतात. नुसता पडदा नव्हता तो, राखण होती. जहाजं, पूल, रेल्वेच्या टाक्या, साऱ्या जगभर हेच अस्तर होतं. आमच्या सौसरवरून नागपूर–छिंदवाडा छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांची. २०१५ला रूळ रुंद करायला ती बंद झाली. तिच्या पुलांच्या लोखंडावर भगव्या-लाल रंगाचा जो थर कडांतून डोकावायचा, तो बघून वडील म्हणत, “पाय, साहेबानंही शेंदूरच लावला.”

पण या शेंदराचं गुणगान गाताना थांबलं पाहिजे. शिसं अंगात भिनतं. पोटात मुरडा, बोटांना कंप, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ, हे सगळं जुन्या रंगाऱ्यांत दिसायचं. वडिलांना पोटदुखीचा त्रास होता आणि घरात सगळे त्याला वायू म्हणत. सुकलेलं शेंदराचं अस्तर कोरडं घासणं म्हणजे ती भुकटी श्वासातून खाणं. जुन्या जीपवर खालच्या थरात तसा लालभगवा रंग दिसला की मी आजही तो ओल्या पेपरने घासतो आणि पोरांना तोंड बांधायला लावतो. केंद्र सरकारने २०१६मध्ये नियम करून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांवर आणलं, १ नोव्हेंबर २०१७पासून ते लागू झालं. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

दुसरी विद्या होती झाळकामाची. कल्हईवाले आणि कंदील-डबे झाळणारे टिनवाले बाजाराच्या दिवशी भाते लावून बसत. संत्र्याच्या बागांत विहिरीवर पत्र्याच्या मोटा होत्या, त्यांचे रिबिट ढिले झाले की हेच लोक झाळ भरून देत. पुढे मोटारीच्या रेडिएटरचं आणि पेट्रोलच्या टाकीचं काम त्यांच्याकडेच गेलं. परदेशी कारखान्यांतही त्या काळी गाडीच्या बॉडीचे दिसते सांधे शिसं-कथलाच्या मिश्रणाने भरून कानशीने घासत. माझ्या उस्तादाने ते काम नागपूरच्या एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याकडून उचललं होतं. तेजाब लावून कथील चढवायचं, वर शिसं ओढायचं, आणि मग सोड्याच्या पाण्याने इतकं धुवायचं की हात भाजावेत. “तेजाब राह्यला तं समज चोर घरात राह्यला,” असं तो म्हणायचा. तेजाबाचा थेंब सांध्यात उरला तर वरून कितीही भारी रंग मारा, सहा महिन्यांत खालून गंज येतोच.

मग जीप आल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर फौजेच्या विलीज आणि फोर्डच्या जीप लिलावात निघाल्या, लोक त्यांना डिस्पोजलच्या जीप म्हणत. १९४७पासून महिंद्रांनी मुंबईत सुटे भाग आणून जीप जोडायला घेतल्या. २ ऑक्टोबर १९५२ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि बीडीओसाहेबांच्या जीपची धूळ खेड्याखेड्यांत उडू लागली. आमच्याकडे वरच्या अंगाला पेंच-कन्हानच्या कोळसा खाणी, सौसर तालुक्यात मँगनीज. भूगर्भवाले इथल्या मँगनीजवाल्या खडकांना जगभर सौसर नावानेच ओळखतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यात जंगलाचे ठेकेदार. जीपला गिऱ्हाईक भरपूर.

त्यातच १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्याने आखली गेली. तोवर नागपूर आमची राजधानी होती. त्या दिवसापासून छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात आणि नागपूर मुंबई राज्यात. गाडीचे कागद छिंदवाड्याचे आणि रंग, पत्रा, सुटे भाग नागपूरचे, अशी आमची विभागणी झाली ती कायमची. २०२३ला पांढुर्णा स्वतः जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, पण हार्डनरचा डबा संपला की माणूस अजून नागपूरलाच पाठवावा लागतो.

जीपची बॉडी, म्हणजे टब, फार साधी वाटते, आणि तिथेच लोक फसतात. टब उलटा करून ड्रमांवर ठेवला की कळतं. विलीजच्या फरशीखाली उलट्या पन्हाळीसारख्या पत्र्याच्या पट्ट्या डाग देऊन लावलेल्या असतात, आणि त्यांच्या पोकळीत मजबुतीसाठी लाकूड कोंबलेलं असतं. पत्र्यांच्या मधे कोंडलेलं लाकूड! काळ्या मातीचा चिखल एकदा तिथे बसला की लाकूड पाणी पीत राहतं आणि दोन्ही बाजूंचा पत्रा आतून खात राहतं. वरून फरशी धड दिसते, डागांची ओळही शाबूत दिसते. पट्टीला छिन्नी लावली की लाकडाचा काळा भुगा आणि गंजाचे पापुद्रे एकत्रच गळतात, आणि चैत्र-वैशाखातसुद्धा तो भुगा हाताला गार, दमट लागतो. पांढुर्ण्याच्या पंचेचाळीस डिग्रीत आणखी कुठे ओल टिकते ते मला सांगा. पुढची जागा म्हणजे मागच्या चाकावरच्या हत्यारपेट्या, त्यांचे खालचे कोपरे. मी उघडलेल्या जुन्या टबांत या सांध्यांत भरलेलं असं काही सापडलेलं नाही. लढाईतली गाडी, टिकायची किती हा प्रश्नच बनवणाऱ्यांपुढे नव्हता. सीजे-३बी, १९५३ची ती उंच बोनेटची, आमच्याकडे सर्वांत जास्त राहिली, आणि तिच्या टबाचं दुखणंही सांध्यांचंच.

ट्रकची कहाणी वेगळी, आणि माझ्या मते आमच्या कामाचा तोच सोन्याचा काळ होता. टेल्कोने १९५४ला जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. ट्रक कारखान्यातून यायचा तो बहुतेकदा नुसता चेसिस, इंजिन आणि पुढचा मुखवटा घेऊन. केबिन आणि मागची बॉडी बांधायची ती इथल्या मिस्त्रींनी, लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून. केबिनचा माथा आणि बाजूचा पत्रा जिथे लाकडावर मिळतो तिथे पाणी येणारच. सुतार, लोहार आणि रंगारी तिघेही तिथे हजर असत. सुतार लाकडाला शेंदूर पाजी, लोहार पत्र्याची कड दुमडून खिळे मारी, आणि रंगारी चॉक पावडर, सफेदा आणि जवसाच्या तेलाची लांबी मळून ती कड भरी. काही जण जुन्या कॅन्व्हासची पट्टी सफेद्यात भिजवून दुमडीत घालत. आधी अस्तर, मग सांधा, मग पुन्हा अस्तर, मग रंग. कुणी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. लाकूड तेल पिऊन टाकतं, म्हणून कोरड्या लाकडावर लांबी धरत नाही, हे सुताराला ठाऊक होतं. त्याच न्यायाने पत्र्यालाही आधी अस्तर.

या ट्रकांचा खास आमचा शत्रू होता संत्रं. लाकडी पेट्यांत तणस घालून संत्री भरायची आणि दिल्ली-कलकत्त्याला लादायची. वाटेत काही फुटायची, सडायची, रस तणसातून झिरपून बॉडीच्या पत्र्यावर बसायचा. संत्र्यातलं सायट्रिक ॲसिड गंज काढायला वापरतात, म्हणजे ते लोखंड खातं हे उघड आहे. तणसाखाली ते दिवसेंदिवस ओलं राहायचं. लांबच्या फेरीवरून आलेल्या ट्रकचा तळ उचकटला की पत्र्याला चाळणीसारखी भोकं, आणि ती नेमकी सांध्यांच्या रेषेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं असंच, तिथे युरिया आणि सुपर फॉस्फेट. खताची गोणी फाटली आणि वर पाऊस पडला की कोपरे गेलेच.

बाहेरगावचं गिऱ्हाईक मात्र हमखास विचारतं, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची चांदी होत असेल नाही?” गोटमारीचं म्हणतात ते. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्या दिवशी शहाणा माणूस गाडी नदीकडे नेतच नाही. आमचं पोट दगडांच्या पोच्यांवर नाही, पाण्यावर चालतं.

आता घसरणीकडे येतो. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने १९२०च्या दशकात ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला. तोवर गाडी रंगवून वाळवायला आठवडे लागायचे, तो रंग गनने मारला की तासाभरात हाताला लागेनासा व्हायचा. आपल्याकडे फर्निचरवालेही अजून ड्युकोच मारतात, डब्यावर नाव काही का असेना. हा रंग आणि त्याची लॅकर पुट्टी आमच्या धंद्यात रुजली तशी घाई आली. जवसाचं तेल सुकायला दिवस घेतं, आणि नीट न सुकलेल्या तेलाच्या थरावर लॅकरचा थिनर पडला की खालचा थर सुरकुततो. म्हणून तेलाचं काम गेलं. शेंदूर गेला, त्याच्या जागी रेड ऑक्साईड आलं.

रेड ऑक्साईडबद्दल माझं मत कडक आहे. शेंदराशी त्याचं साम्य फक्त रंगाचं. त्यातली लाल पूड म्हणजे लोखंडाचं ऑक्साईड. ती स्वस्त, उन्हाला टिकणारी, अंगाला शिशासारखी बाधत नाही, हे सगळं खरं. पण गंजाला अडवण्याचा शेंदराचा गुण तिच्यात नाही. ती नुसती आडोसा करते, आणि स्वस्त डब्यातला तो आडोसाही सच्छिद्र. वर रंग मारेपर्यंत काम भागतं. आम्ही मात्र गाडीला रेड ऑक्साईड मारून मालक पैसे आणेपर्यंत अंगणात उभी करायचो, कधी अख्खा पावसाळा. ओल त्यातून आत जायची आणि मग आम्ही त्याच्यावरच चकचकीत रंग चढवायचो. १९७० ते ९०च्या दशकांत रंगवलेल्या जितक्या बॉड्या मी नंतर सोलल्या, त्यांत लाल थराच्या पोटात गंजाचे काळे ठिपके नाहीत अशी क्वचितच सापडली.

सांध्यांचे तर हालच झाले. लांबी गेली, तिची जागा कधी लॅकर पुट्टीने घेतली, कधी पॉलिएस्टर पेस्टने, कधी एम-सीलने, कधी नुसत्या डांबराने. पॉलिएस्टर पेस्ट खड्डा भरायला उत्तम, मीही वापरतो. पण ती कडक. चालत्या गाडीत सांधा सतत हलतो, पेस्टला बारीक तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी आत. वर ती स्वतःच ओल धरते. फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या दरवाजांवर आम्ही आणखी एक अन्याय केला. दरवाजाचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो आणि तळाला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, कारण काचेच्या रबरातून पाणी आत येणारच असतं. दुमडीची कड गंजलेली दिसली की कारागीर तिच्यावर पेस्ट थापत जायचा आणि त्या ओघात भोकंही बुजवायचा. गिऱ्हाईक खूश, कारण खालची कड सरळ, गुळगुळीत. पहिल्या पावसानंतर दरवाजा हलवला की आत पाणी डुचमळायचं. चेतक स्कूटरही पत्र्याच्या बॉडीची, तिच्या पायदानाखालच्या पट्टीचंही हेच केलं आम्ही. सांध्याचं काम म्हणजे कुठे भरायचं एवढंच नाही. कुठे भरायचं नाही हे आधी कळावं लागतं.

गंमत म्हणजे त्याच काळात कारखाने उलट दिशेने चालले होते. फोर्डने अमेरिकेत १९६०च्या दशकात अख्खी बॉडी अस्तराच्या टाकीत बुडवून विजेच्या जोरावर ते अस्तर कानाकोपऱ्यात बसवायची रीत आणली. पुढे ती सगळीकडे पसरली. टाकीतून निघालेल्या बॉडीच्या सांध्यांत पीव्हीसीचा लगदा भरतात, भट्टीत भाजतात, मग सरफेसर, मग रंग. नव्या गाड्यांच्या डिकीचं पांघरूण उचललं की सांध्यांवर हा करडा, रबरासारखा पट्टा दिसतो. आधी अस्तर, मग सांधा, मग पुन्हा अस्तर. माथ्यावर टॉवेल गुंडाळून ट्रकची केबिन बांधणाऱ्या सुताराचाच क्रम हा.

आज माझ्याकडे येणाऱ्या जीपचं काम कसं चालतं ते सांगतो. सोलताना आधी एका कोपऱ्यात रंग उतरता घासून थर बघायचे. वर मालकाच्या वडिलांनी मारलेला लाल, खाली निळा, त्याखाली कुठल्याशा खात्याचा पांढरा, त्याखाली हिरवट, आणि अगदी तळाला कधी तो भगवा शेंदरी थर. तो थर जिथे असतो तिथला पत्रा बहुधा उजळ निघतो. मग सडलेलं कापायचं. नव्या पट्ट्या डाग देऊन लावण्याआधी एकमेकांवर बसणाऱ्या बाजूंना जस्ताचं प्रायमर पातळ मारायचं, कारण जोडल्यावर तिथे गन पोचत नाही. फरशीखालच्या पन्हाळीत लाकूड पुन्हा घालायचं की नाही, यावर शौकिनांची भांडणं होतात. मूळ गाडीशी इमान राखणारे घालतात, चारी बाजूंनी सील करून. मी गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगतो, माझं चाललं तर नाही घालणार.

गंज काढायचं तेजाबी पाणी वापरलं असेल तर उस्तादाची आज्ञा अजून लागू आहे. ते पूर्ण धुऊन, वाळवूनच पुढे जायचं, कारण त्यावर इपॉक्सी प्रायमर नीट आवळत नाही. इपॉक्सी दोन डब्यांचं. हार्डनर मिसळून लगेच मारायचं नाही, थोडा वेळ मुरू द्यायचं. दोन हात मारले की करडा, मऊसर पोत येतो. याच्यातून रेड ऑक्साईडसारखी ओल झिरपत नाही. शेंदूर गेल्यापासून रिकामी राहिलेली जागा मला वाटतं यानेच भरली. डब्यावर दिलेल्या मुदतीत त्यावर सीलर यायला हवा. मुदत टळली तर पुन्हा खरवडून घ्यायचं.

सीलर पॉलियुरेथेनचा, नळकांड्यात. सांध्याच्या दोन्ही अंगांना कागदी टेप, मधून एकसारखी धार सोडायची आणि लगेच ताठ ब्रशने दाबायची. पोरं बोटाने गुळगुळीत करतात, मी करू देत नाही. बोटाने वरचं साजरं होतं आणि फटीच्या तोंडाशी पोकळी राहते. ब्रशचे केस माल आत ढकलतात. ब्रशच्या रेघा राहिल्या तर राहू देत, जुन्या गाडीला त्या शोभतात. सीलर ओला असतानाच टेप काढायची. नंगा पत्रा आणि सीलर यांची थेट गाठ पडू द्यायची नाही. सीलर पाणी अडवतो, गंज अडवत नाही, आणि एकदा का त्याच्याखाली गंज सुरू झाला की वरून महिनोन्‌महिने काही कळत नाही. बाथरूमच्या फरशीचा सिलिकॉन तर दुकानाच्या उंबऱ्याआतही नको. तो रंगाला धरत नाही, आणि त्याचा अंश हवेत किंवा कापडाला लागला तरी रंगात डोळे पडतात. आजकालच्या दोन डब्यांच्या रंगांचा हार्डनर श्वासाला वाईट, दमा लावतो. वडिलांच्या शिशाची जागा त्याने घेतली म्हणा. गन हातात घेतली की मास्क, हा नियम मुलाने घातला आणि मी मुकाट्याने मानला.

पावसाळ्याचं गणित मात्र उलटं झालं. लॅकरच्या काळात आषाढ-श्रावणात गन टांगून ठेवावी लागे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंगावर पांढरट झाक येते. आम्ही महागडा रिटार्डर घालून बघायचो, नाहीतर बसून राहायचो. हा पॉलियुरेथेनचा सीलर हवेतली ओल घेऊनच आवळतो. भर उन्हाळ्यात कोरड्या हवेत जो आतून ओला राहतो, तो जुलैत लवकर पक्का होतो. म्हणून मी आता वर्षाचं काम असं बांधलं आहे: उन्हाळ्यात सोलणं, कापणं आणि अस्तर, पावसात सांधे, आणि रंग दसऱ्याच्या सुमाराला.

छंद वाढला तसे कागदही बदलले. २०२१ला केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची सोय केली. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. दुसऱ्या बाजूने १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवणं बंद झालं, त्या थेट भंगारात जायच्या. ज्या लिलावांतून आमच्या गावागावांत जीप आल्या, तो झरा आता आटला. राहिल्यात त्या गोठ्यांत आणि बागांत उभ्या असलेल्या.

सध्या ड्रमांवर उलटी पडलेली सीजे-३बी सौसरकडच्या एका बागवानाची आहे. इपॉक्सी झालंय, टबाचे कोपरे भरून झालेत, फरशीखालच्या दोन पट्ट्या बाकी आहेत. मालक दर आठवड्याला फोन करून रंगाचा नमुना विचारतो. तळाला शेंदरी थराच्या वर सापडलेला तो हिरवट मी त्याला एका पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून पाठवला. त्याला तो आवडला नाही, लाल हवाय म्हणाला.